थोरला, धाकटा आणि दोन हत्ती

तेलाचा टँकर आमच्या घराचा चढ चढता चढता उलटा घसरला आणि खाली मेलबॉक्सला टेकून थांबला, तेव्हा यतीन नेमका खिडकीत उभा होता. टँकर घसरल्याचं मला काही वाटलं नाही. न्यू हॅम्पशरमध्ये जानेवारीत माणसं घसरतात, टँकरचं काय घेऊन बसलात. वाईट झालं ते यतीननं बघितल्याचं. यतीन आमचा मुलगा. तो राहतो नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला. तिथला हिवाळा पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो आणि जातो.

आमच्या टाकीतलं तेल संपलं होतं, टँकर वर येत नव्हता, त्यामुळे घर तापवणारा तळघरातला बॉयलर बंद. मी कोट घालून पोळ्या लाटत होते. आमचे हे, म्हणजे श्रीराम, माकडटोपी घालून पेपर वाचत होते. माकडटोपीचा आणि तेलाचा काही संबंध नव्हता, ती ते ऑक्टोबरातच चढवतात. पण हे यतीनला कोण सांगणार.

"आई, धिस इज नॉट लिव्हिंग," तो म्हणाला. "घर विकून टाका. कॅरीला या. खालच्या मजल्यावर तुमच्यासाठी रूम रेडी आहे."

ती रूम मी पाहिली आहे. छानच आहे. तिच्या खिडकीतून शेजारच्यांची खिडकी दिसते. माझ्या इथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेपलची रांग दिसते, आणि त्यातला शेवटचा मेपल यतीन पहिलीत असताना शाळेतून कागदी कपात घेऊन आला होता. ते झाड आता माझ्या कवेत मावत नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. मुलांना झाडांचं सांगितलं की ती ताबडतोब डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतात.

शेवटी तहाची बोलणी झाली. पुढच्या संक्रांतीला यतीन येणार. हॉलमध्ये त्याला स्वेटर न घालता बसता आलं, तर घराचा विषय कायमचा बंद. नाही बसता आलं, तर वसंतात अंगणात 'फॉर सेल'ची पाटी.

"कबूल," हे पेपराआडून म्हणाले. यांचं जन्मभर असंच चालत आलंय. कबूल यांनी म्हणायचं आणि पुढचं मी बघायचं.

आता नुसत्या तेलावर हॉल तापत नाही असं नाही. तापतो. पण थर्मोस्टॅटचा काटा कुठं ठेवायचा याचा अधिकार यांच्याकडे, आणि यांच्या मते माणसाला ऊब लागते ती मुख्यतः मनाची. शिवाय टँकर पुन्हा घसरला तर काय? तेव्हा दुसरं काहीतरी हवं, घरातच साठवता येणारं. विचार करता करता मला मिरज आठवली.

मिरजेला आम्ही दोन खोल्यांत राहायचो आणि मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत जळण, भोवती पाणी, वरून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी बाहेर. तो पेटवण्याचं काम माझ्याकडे होतं आणि शनिवारी चिंचेनं घासायचंही. साठ वर्षं झाली, अजून चिंच बघितली की माझे हात आपोआप गोल फिरू लागतात. तर इथल्या गावातल्या दुकानात मी लाकडावरचा बॉयलर पाहिला आणि जागीच उभी राहिले. पोटात विस्तव, भोवती पाणी. कुणीतरी आमचा बंब लोखंडाचा करून, वाढवून इथं आणून ठेवला होता. हवेची झडपसुद्धा साध्या साखळीनं उघडमीट होत होती, विजेची गरज नाही.

"मला हा हवा," मी यांना म्हटलं.

"आणि तेलाचा?"

"तोही राहील. दोघं मिळून राहतील."

हे हसले. तीस वर्षं कंपनीत इलेक्ट्रिकल इंजिनियर म्हणून काढलेला माणूस असा हसतो तेव्हा समोरच्यानं जरा घाबरायचं असतं. मी घाबरले नाही.

पेलेटिये नावाचा प्लंबर आला. हा माणूस मासेमारीबद्दल बोलत बोलत पाइप जोडतो, त्यामुळे कुठला भाग पाण्याबद्दल आहे आणि कुठला ट्राउटबद्दल हे नीट लक्ष ठेवून ऐकावं लागतं. त्याच्या सांगण्याचा सारांश असा: तेलाचा बॉयलर जागेवर राहील, शेजारी लाकडाचा बसेल, दोघांचे पाइप एकमेकांना जोडले जातील. लाकडाचा तापलेला असेतो तेलाचा झोपून राहील. लाकडाचा विझत आला की तेलाचा उठेल. मला लगेच कळलं. एकत्र कुटुंब. थोरला आणि धाकटा. धाकटा राबतोय तोवर थोरला लोळणार, आणि धाकटा थकला की थोरला कुरकुरत उठणार. मी तेव्हापासून त्यांना त्याच नावांनी हाक मारते. पेलेटियेही नंतर 'ढाक्टा' म्हणू लागला.

कामाची बातमी मराठी मंडळाच्या ग्रुपवर पोचायला दुपार लागली नाही. पहिली आली सुमेधा. ती मूळची नागपूरची, नवरा अरुणसोबत पलीकडच्या रस्त्यावर राहते, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये.

"काकू, लाकडं? सीरियसली? विजेवरचा हीट पंप लावा ना यार. आमचा तर अरुण ऑफिसातून फोनवर कंट्रोल करतो."

"अरुण ऑफिसात असतो आणि तू घरात. मग थंडी कुणाला वाजते हे त्याला कसं कळतं?"

सुमेधानं यावर जरा विचार केला आणि चहा घेतला. चहा झाल्यावर म्हणाली, "नाही, तसं बरोबर आहे तुमचं."

दुसरा सल्लागार शेजारचा अर्ल. त्याचे आजोबाही याच रस्त्यावर जन्मले, त्यामुळे हवापाणी, लाकूड आणि इतरांच्या चुका या विषयांवर त्याचा शब्द शेवटचा. आमच्या अंगणात पडलेला लाकडांचा ढीग त्यानं काठीनं टोचून पाहिला.

"हे कधी तोडलेलं?"

"मागच्या मंगळवारी," हे अभिमानानं म्हणाले. अगदी ताजं मिळालं होतं. आपल्याकडे भाजी घेताना बघतो तसं यांनी निवडून घेतलं होतं.

अर्लनं टोपी काढली. कुणी गेल्याचं कळल्यावर काढतात तशी. मग त्यानं समजावलं, की लाकूड भाजी नव्हे, लोणचं आहे. ते मुरावं लागतं, निदान दोन उन्हाळे. ओलं लाकूड जळत नाही, नुसतं फुसफुसतं. पुढे रचताना साल वर ठेवायची की खाली यावर त्याचं आणि पेलेटियेचं आमच्या अंगणात जे भांडण झालं त्यात मी पडले नाही. दोघांनी अर्धी अर्धी रास रचली, एकाची साल वर, एकाची खाली. आजही तशीच आहे. पाहुणे विचारतात.

यानंतर गावाचा इन्स्पेक्टर आला. उंच, सडपातळ, आणि दु:खाची बातमी सांगायला आल्यासारखा चेहरा. त्यानं धुराड्याकडे बोट केलं. तेलाचा धूर आणि लाकडाचा धूर एका धुराड्यातून जाऊ शकत नाही म्हणाला. नियम आहे.

"दोन्ही धूरच ना?" यांनी विचारलं.

"हो."

"दोघांना वरच जायचंय ना?"

"हो."

"मग?"

"नियम आहे," इन्स्पेक्टर म्हणाला.

हे त्याच्याशी तासभर बोलले. कार्बन, तापमान, पुण्यातल्या त्यांच्या हॉस्टेलची चिमणी, सगळं सांगून झालं. इन्स्पेक्टर एकही शब्द न वाढवता ऐकत राहिला. शेवटी हॉलमधली फायरप्लेस बंद करून तिचं धुराडं धाकट्याला द्यायचं ठरलं. मी एकत्र कुटुंबात वाढलेल्या आईची मुलगी. भावाभावांत चूल वेगळी नसली तरी धुराडं वेगळं असावं हे मला पटलं.

नोव्हेंबरात धाकटा पेटला. म्हणजे पेटवला. तो पेटायला तयार नव्हता, कारण लाकडं मागच्या मंगळवारची होती, फक्त मधे बरेच मंगळवार गेले होते. आत नुसतं फुस्स फुस्स. थोरला मात्र बाजूला मजेत धडधडत होता, जणू म्हणत होता, येऊ दे धाकट्याला, बघू किती दिवस टिकतो ते. माझा अपमान झाला. साठ वर्षांपूर्वी ओल्या शेणकुटांवर बंब पेटवणारी मी.

आणि मला करवंट्या आठवल्या. गणपतीच्या मोदकांपासून दिवाळीच्या करंज्यांपर्यंत फोडलेल्या प्रत्येक नारळाची करवंटी माझ्या गॅरेजमध्ये पोत्यात आहे. हे दर वर्षी विचारतात, या कशाला ठेवतेस? मी दर वर्षी सांगते, लागतील. तो दिवस आला होता. मी पोतं धाकट्यात रिकामं केलं.

करवंटी ज्यानं जाळली आहे त्याला पुढचं सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजावं की धाकट्याच्या अंगात आलं. त्याच्या तापमानाचा काटा सरसर वर चढला. मी कौतुकानं बघत उभी. त्याच वेळी हे जिना चढून वर चालले होते.

आता न्यू इंग्लंडमधल्या घरांत तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी एक लाल बटण असतं. बॉयलरला काही झालं तर वरच्या वर बंद करता यावा म्हणून. इतर लोक ते बटण आयुष्यात एकदाही दाबत नाहीत. पण आमचे हे पुण्यात गीझरच्या बटणाखाली वाढलेले. पाणी तापलं की गीझर बंद, खोलीतून निघालं की पंखा बंद. या देशात त्यांनी दुसऱ्यांच्या घरचे दिवेसुद्धा बंद केलेत, त्या लोकांना आतच ठेवून. धाकटा तापलाय, मग थोरल्याला कशाला जागं ठेवायचं, असा विचार करून त्यांनी लाल बटण खट्कन बंद केलं.

थोरला बंद झाला. आणि पेलेटियेनं ट्राउटच्या गोष्टीच्या भरात गरम पाणी घरभर फिरवणारा पंपही त्याच बटणावर जोडला असल्यामुळे पंपही बंद झाला.

पोटात करवंट्यांचा जाळ आणि पाण्याला जायला वाट नाही. धाकट्यानं क्षणभर दम धरला आणि मग त्याच्या डोक्यावरच्या सुरक्षा झडपेनं शिट्टी मारली. आमच्या कुकरनं चाळीस वर्षांत मिळून मारल्या नसतील एवढ्या शिट्ट्या त्या एकात होत्या. वाफ, अलार्म, आणि पाठोपाठ गावचा लाल बंब. अग्निशमन दलाचा. मी बाहेर उभी: गाऊन, त्यावर यांचा कोट, पायात दोन वेगळे मोजे, आणि डोक्यावर, लिहायलाही संकोच वाटतो, यांची माकडटोपी. अख्खा रस्ता बघत होता. अर्लनं पुन्हा टोपी काढली.

बंबावरून उतरला तो आमचा इन्स्पेक्टरच. लहान गाव आहे, तोच फायर चीफ. तो तळघरात जाऊन आला, तेव्हा त्याच्या चिमट्यात अर्धी जळलेली करवंटी होती. त्यानं ती उजेडात धरून फिरवली.

"हे कुठल्या प्राण्याचं आहे?" त्यानं हळूच विचारलं.

दोष करवंट्यांचा की बटणाचा, यावर आमच्या घरात अजून निकाल लागलेला नाही. चीफनं मात्र तिथल्या तिथे निकाल दिला. पंपाचं बटण वेगळं करा. आणि पंप थांबला तरी धाकट्याची ऊब जाईल अशी एक वाट करून द्या. "तेल बटणानं विझतं. लाकूड बटणानं विझत नाही," तो म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वात लांब भाषण. वीज गेली की आपोआप उघडणारी एक झडप, आणि तिथून गरम पाणी आपल्या आपण वर चढून हॉलमधल्या रेडिएटरमध्ये, म्हणजे भिंतीशी लावलेल्या लोखंडी नळकांड्यांत. गार झालं की खाली. पंप नाही, काही नाही. तोवर परवानगी तात्पुरती.

पेलेटियेनं हॉलमधले आमचे नाजूक रेडिएटर बघून मान हलवली. एवढ्या उष्णतेला हे पुरायचे नाहीत, मोठे हवेत, जुने, बिडाचे. ते आता कुठे मिळणार? अर्लच्या कोठारात. गावची जुनी शाळा पाडली तेव्हा त्यानं तिथले दोन उचलून आणले होते. कशाला, ते त्याला माहीत नव्हतं. माझ्या करवंट्यांसारखंच. आम्ही दोघांनी एकमेकांकडे प्रथमच आदरानं पाहिलं.

ते रेडिएटर हॉलमध्ये आणायला सहा माणसं लागली. माझ्या कमरेच्या वर उंच, सोफ्याएवढे लांब, करडे, सुरकुतलेले.

"काकू," सुमेधा दारातच थबकली. "हॉलमध्ये हत्ती कशाला बांधले?"

नाव पडलं ते पडलंच. मंडळात माझी ओळख 'हत्तीवाल्या काकू' अशी होऊ लागली. यतीनला कुणीतरी फोटो पाठवला. त्याचा फोन आला. "आई, घर विकायचंय ना आपल्याला? कोण घेणार हे बघून?" त्यानं एका बाईंना भेटायची वेळही ठरवली होती, घरं विकून देणाऱ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. म्हणजे स्वेटरची परीक्षा होण्याआधीच निकाल त्याच्या खिशात.

मी अर्लच्या राशीतलं दोन उन्हाळे मुरलेलं लाकूड घेतलं. त्या बदल्यात त्याला लिंबाचं लोणचं दिलं आणि तेही मुरलेलं आहे हे बजावून सांगितलं.

यतीन शुक्रवारी आला. शनिवारी हळदीकुंकू. आणि शनिवारी सकाळी पाऊस पडू लागला, जो जमिनीला टेकताक्षणी काच होत होता. फांद्या काचेच्या, तारा काचेच्या, माझा मेपल तर झुंबरासारखा. मग कुठेतरी फांदी मोडली आणि फ्रीज गप्प झाला. वीज गेली.

थोरला बसला. तेल भरपूर होतं, पण त्याला पेटायलाही वीज लागते. गावात प्रत्येक घरी हेच. सुमेधाचा फोन आला. "काकू, हीट पंप गेला ना. अरुण फोनवर बटणं दाबतोय नुसता. हळदीकुंकू कॅन्सल करू ना?"

"नाही," मी म्हटलं. "अरुणलाही आण."

यतीन सोफ्यावर बसला होता, जाड स्वेटर, त्यावर जाकीट. "बघ आई," तो म्हणाला. वाईट वाटून म्हणाला, हे मान्य करते. "हेच म्हणत होतो मी."

मी खाली गेले. धाकट्यात सकाळचे निखारे होते. वर तीन ओंडके ठेवले, साखळीची झडप नीट बघितली. वीज गेली तेव्हाच ती दुसरी झडप टक् करून उघडली असणार. पाइपाला हात लावला. ऊब निघाली होती, कुणी न ढकलता, वर चालली होती, मिरजेत चालायची तशीच. मी वर आले आणि तिळाच्या वड्या ताटात मांडत बसले.

थोड्या वेळानं हॉलमध्ये टिक् झालं. मग टिक् टिक्. हत्ती अंग मोकळं करत होते.

"व्हॉट इज दॅट?" यतीन.

"काही नाही," हे म्हणाले. "जागे होताहेत."

बायका आल्या, आणि एकट्या आल्या नाहीत. गार घरं सोडून नवरे आले, मुलं आली, कुणाची सासू भारतातून आलेली ती शालीत गुंडाळून आली. आधी सगळ्यांचे कोट खुंट्यांवर गेले. मग जाकिटं. अरुण दोन हत्तींच्या मधे बसला होता, त्यानं फोन बाजूला ठेवला आणि बाह्या वर केल्या. शालवाल्या सासूबाई हत्तीला पाठ लावून बसल्या आणि म्हणाल्या, "अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा पाठ सुटली हो." मी हळदीकुंकू लावत फिरत होते, चहाच्या गाळण्या वाटत होते, आणि एक डोळा यतीनवर.

त्याचं जाकीट गेलं होतं. स्वेटर होता. कपाळावर घाम, नाकावर घाम, पण स्वेटर अंगात. हट्टी मुलगा. हा गुण कुणाचा ते सांगायला नको.

"यतीनदादा," सुमेधानं अगदी निर्मळ मनानं विचारलं, "तुम्हाला गरम नाही होत?"

"आयॅम गुड."

तेवढ्यात दार वाजलं. चीफ. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करत फिरत होता, गाडीत ब्लँकेटं घेऊन. पाठोपाठ अर्ल, काय चाललंय बघायला. चीफ दारात उभा राहिला. हॉलमध्ये तीस माणसं, अर्ध्या बाह्यांची, रेशमी साड्यांची, वाफाळता चहा. गॅसवर, काडीनं पेटवलेला. त्यानं हातमोजा काढला, हत्तीच्या पाठीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"पास," तो म्हणाला.

मी त्याला तिळाची वडी दिली. त्यानं ती उजेडात धरून फिरवली, पण या वेळी प्राणी विचारला नाही. खाल्ली. ब्लँकेटं परत नेली.

अर्ल म्हणाला, "साल वर रचलेलं लाकूड आहे ना हे?" मी हो म्हटलं. पेलेटियेनं विचारलं असतं तर त्यालाही हो म्हटलं असतं.

यतीन उठून स्वयंपाकघरात गेला. परत आला तेव्हा अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. हातात स्वेटर. तो त्यानं हत्तीवर टाकला आणि जाऊन खिडकी दोन बोटं उघडली. हे पेपराआड होते. पेपर हलत होता.

"तिळगूळ घे," मी म्हटलं. पुढचे दोन शब्द मुद्दाम म्हटले नाहीत. त्यानं वडी तोंडात टाकली, खिडकीतून मेपलकडे बघितलं आणि म्हणाला, "मोठं झालं की हे झाड." मग बाहेर पोर्चवर जाऊन त्यानं उद्याच्या बाईंना फोन केला. मी ऐकलं नाही, पण तो पत्ता सांगत नव्हता एवढं कळलं.

वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तरी थोरला काही उठला नाही, आणि ते आमच्या लक्षातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी पेलेटिये आला तेव्हा कळलं, जिन्याचं लाल बटण बंद होतं. वीज गेलेली असताना, अंधाऱ्या जिन्यातून वर येता येता यांनी ते सवयीनं बंद केलं होतं. मी यांना काही म्हटलं नाही. जिंकलेल्या माणसानं उदार असावं.

यतीनचा स्वेटर अजून इथेच आहे, हत्तीच्या पाठीवर. परवा फोनवर म्हणाला, पाठवायची घाई नाही, कॅरीत काही लागत नाही तो.

म्हटलं, इथे तरी कुठे लागतो.